डब्बोच्या पुढे

सिडनीची गाडी आज पन्नास मिनिटं उशिरा.
ऑरेंजला सिग्नल रुसलाय म्हणे.
मी बस फलाटाला खेटून लावलीय, दार उघडं.
नियमात लिहिलंय, गाडी आल्याशिवाय हलायचं नाही.
नसतं लिहिलं तरी हलले नसते.
पावणेचारशे किलोमीटरवरच्या बर्कला
आज दुसरं जाणारच काय आहे?

आली एकदाची. माझ्याकडे वळले नऊ जण.
सुट्टीला घरी निघालेल्या दोघी बहिणी,
एक नर्स, तिच्या मांडीवर
बर्फाच्या डब्यात कुणाची तरी औषधं,
आणि पंपाचा सुटा भाग
तान्ह्या पोरासारखा छातीशी धरलेला एक जण.
तिकीट एकच, तेही रेल्वेचं.

पुढच्या सीटवर सकाळपासून बसलाय डार्सी केलिहर,
वय ब्याऐंशी, डाव्या डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी.
एकेकाळचा गँगमन.
"गाडी लेट सुटली, नोएलीन," म्हणतो.
बसला बस म्हटलेलं
त्याच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही.

नेव्हरटायर लागतं. कधी न थकणारं गाव,
असं कुणी ठेवलं असेल नाव!
बाकावर एक कुत्रा झोपलाय.

निंगन सुटलं की जुने रूळ दिसायला लागतात,
कधी जवळ, कधी झुडपांत गडप.
स्लीपरांमधून खारट पाल्याची झुडपं वर आलीत,
एक एमू रुळांवरून चाललाय
जसं काही त्यालाच ड्यूटी लावलीय.
डार्सी एका डोळ्याने बघत राहतो.
काय मोजतो, विचारलं नाही कधी.

गिरिलँबोनला वळताना रूळ ओलांडावे लागतात.
तिथे मी बस पूर्ण थांबवते.
डावीकडे बघते, उजवीकडे बघते,
तीन आकडे मोजते.
पंपवाला मागून ओरडतो,
"येतंय काय तिथून?"
बहिणी खुसखुसतात.
डार्सी उत्तर देत नाही. मीही नाही.
दुसरा गिअर.

तो उतरतो, पिशवी मातीत ठेवतो
आणि रिकामा हात खांद्याएवढा उचलून
हलवतो सावकाश, झेंडा धरल्यासारखा.
तो हात खाली येईपर्यंत
मला निघता येत नाही.

जुलैचा उजेड संपत आलाय.
पुढे दोन तास कांगारूंचे,
मोठे दिवे लावते.
मागून नर्स हळूच विचारते,
बायरॉकला बर्फ मिळेल का?