एक ओ जास्त

मंगळवारी सहाला, ग्रिम्सबीच्या लायब्ररीत, वरच्या मजल्यावर
रेडिएटर खडखडतो, आणि सगळ्यांच्या कोटांना हॅडॉकचा वास.
माझ्याही. मी तर धक्क्यावर कधी फिरकत नाही.
एकतीस वर्षं मी गावच्या पेपरात मुद्रितं तपासली;
आता जुळ्या शब्दांची ओळखपरेड घेते.
हा तो नव्हे. तो हा नव्हे.
याच्या गालावर तीळ आहे, नीट बघा.

हेमिनने सलूनबाहेर स्वतःच बोर्ड रंगवला:
आम्ही केसांना डाय करतो.
वायच्या जागी आय पडला,
आणि आख्खं दुकान, केसांसकट, मरायला टेकलं.
तीन आठवडे म्हातारे खलाशी फोटो काढायला येत होते,
आलोच आहोत तर म्हणून दाढी करून जात होते.
"बरोबर काय ते कळलं, मिस," हेमिन म्हणतो,
"पण बोर्ड राहू दे."

लेतेब्रहानला मी शाळेतली युक्ती सांगितली:
जेवणानंतरच्या गोडात दोन एस,
कारण ते पुन्हा मागावंसं वाटतं.
वाळवंटात एकच,
कारण तिथून दुसऱ्यांदा कोण जातंय?
ती वहीवरून मान न उचलता म्हणाली,
"मी गेले. पहिल्यांदा सीमेवरून परत पाठवलं होतं."
मग वळणदार अक्षरात वाळवंट लिहिलं, एकाच एसचं.
युक्ती तिने उतरवून घेतली नाही.

विदमान्तास उशिरा येतो, पाळी संपवून,
हात लिंबाने चोळून.
आज त्याच्याकडे घरांच्या ऑफिसला द्यायचं पत्र होतं,
पेन्सिलने लिहिलेलं, म्हणजे मला खोडता यावं.
दोघांची जागा आता एकट्याच्या नावावर करा, एवढंच मागणं.
कारण, मार्चमध्ये मी माझी बायको…

पुढे 'हरवली' हवं होतं.
आम्ही इंग्रज मेलेल्या माणसांना हरवलं म्हणतो,
बसमध्ये छत्री हरवावी तसं.
त्याने एक ओ जास्त घातला होता.
लूझचं लूस झालं होतं:
सैल. सुटं. बोट निघताना खुंट्यावरून
दोर काढतात ना, ते.

वर्गात हा धडा सप्टेंबरात झाला होता. त्याने तेव्हा खाडा केला होता,
हॉस्पिटलात होता.
आल्दोनाला मी एकदाच पाहिलं, खाली, पुस्तकं परत करताना.
बोटातली अंगठी दोरा गुंडाळून बसवलेली,
तरी फिरत होती.

मी ओळ पुन्हा वाचली.
मार्चमध्ये माझी बायको सुटली.
खोडरबर हातात होतं, ते मी खाली ठेवलं
आणि त्याला म्हणाले, हे असंच राहू द्यायचं का?
चूक आहे, पण…
आणि दोराचं वगैरे सांगत बसले,
माझंच मला फार आवडल्यासारखं.

त्याने शांतपणे ऐकलं.
"मिस, ऑफिसातला माणूस काय वाचेल?"
"वाचेल की…"
"की मी तिला सोडली," तो म्हणाला.
"दोन वर्षं मी तिला उचलून बाथरूमला नेली.
सोडली असं कागदावर नको."

मग त्यानेच खोडरबर घेतलं.
एक ओ गेला. कागद तिथे जरा पातळ झाला,
दिव्यासमोर धरला तर दिसेल इतका.
उरलेली अक्षरं त्याने जवळ ओढली नाहीत;
मीही सांगितलं नाही.

आठला दिवे घालवायला केअरटेकर येऊन उभा राहतो.
फळ्यावर पुढच्या पाठाची जोडी मी आधीच लिहून ठेवली होती:
सकाळ आणि सुतक. इंग्रजीत दोन्ही कानाला एकच.
पुसली.
बाहीनेच पुसली, डस्टर सापडेना.
पुढच्या मंगळवारी पीठ आणि फूल.