वाजवून घेतलेलं

जालन्याच्या एमआयडीसीत, भंगाराच्या ढिगापलीकडं
आमचं शेड. पाटी नाही.
रोलिंग मिलच्या दारातून झाडून आणलेली लोखंडाची खपली
आणि ॲल्युमिनियमची भुकटी
चाळायची, वाळवायची, पाइपात भरायची.
पाइप गरगर फिरवायचा
आणि पेटवायचा.

पेटवतात खय्यूमभाई. बाकीचे सगळे मागं.
सात-आठ सेकंद पांढरंफेक,
डोळे मिटले तरी दिसतं.
लोखंड जड, ते भिंतीला जाऊन बसतं.
हलकी साय आत राहते
आणि थिजून दगड होते.

माझं काम त्यानंतरचं.
गार पाइप लाकडी हातोडीनं वाजवायचा,
आई बाजारात माठ वाजवायची तसा.
कुंभारीण म्हणायची, "फोडती का काय बाई?"
टण्ण वाजला तर बरोबरची खूण.
थप् वाजला की खडूनं फुली.

चैत्रात नुसत्या फुल्या.
दाराशी परळीहून परत आलेलं बेंड पडलेलं,
आठ महिन्यांत वळणावर भोक,
अंगठा जाईल एवढं.
औष्णिक केंद्राची राख हातावर घ्या, पीठ वाटेल.
पाण्यात कालवून रात्रंदिवस पळवली
की कानस होते.
सरळ नळीत गुमान जाते,
वळणावर धरते.

मुंढे मॅडमनी वहीत तीन पानं खोडली.
शंभराला चार वाळू.
पाइप आधी तापवून घ्या.
आणि झाल्यावर उघडा टाकू नका,
राखेत गाडा. सावकाश निवू द्या.

"कुठली राख?"
"परळीचीच. चार पोती आहेत ना मागं."

खय्यूमभाई हसले, "जो खाणार, त्याच्याच कुशीत झोपवायचा?"
तरी फावडं त्यांनीच उचललं.
मला चुलीतल्या राखेतली रताळी आठवली,
घाई केली की साल फाटायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी उकरला.
अजून कोमट. अंगभर राख, गोसाव्यासारखा.
मी हातोडी मारली
आणि हात तसाच राहिला.
आवाज पत्र्याला लागून परत आला,
मग पाइपातच फिरत बसला.
दारातलं कुत्रं उठून बाहेर गेलं.
मॅडम म्हणाल्या, "परत."
परत तसाच.

आता तो परळीत आहे, वळणावरच.
दीड वर्ष झालं, फोन नाही.
फोन नाही म्हणजे बरं चाललंय.
आतली बाजू कुणी बघितली नाही, मीसुद्धा नाही,
मी फक्त ऐकली.
माझी खडूची खूण बाहेरून होती,
ती ट्रकवरच पुसली असेल.