तारीफा : लेवांतेचा चौथा दिवस

बसमधून उतरले आणि
आधी टोपी गेली.
चौकातल्या म्हाताऱ्यांनी ती जाताना नुसती पाहिली,
रोजची गाय गोठ्याकडे निघालेली पाहावी तशी.
एकजण म्हणाला, दोन दिवसांनी बघा,
किल्ल्यामागच्या निवडुंगात सगळ्या टोप्या सापडतात.

गावाच्या नावात तारीफ आहे,
पण हा वारा कुणाचीच करत नाही.
पांढऱ्या भिंतींचे कोपरे त्यानं चाटूनपुसून गोल केलेत,
आणि गल्ल्या अशा वाकड्या
की पाठलाग चुकवत पळणाऱ्या कुणीतरी
पळता पळताच त्या आखल्या असाव्यात.

घराची मालकीण आंगुस्तियास.
तिनं पासपोर्ट मागितला नाही, नाव विचारलं नाही,
आधी विचारलं, झोप लागते का?
मग सांगितलं : पश्चिमेचा तो पोनिएन्ते,
जावयासारखा. येतो, जेवतो, जातो.
पूर्वेचा लेवांते आला की तीन दिवस,
नाहीतर सहा, नाहीतर नऊ.
तेवढ्यात नवऱ्याशी भांडायचं नाही,
केस कापायचे नाहीत, घर विकायचं नाही.
तिचा दीर सातव्या दिवशी दाराला कडी लावून गेला तो गेलाच,
शेगडीवर दूध तसंच ठेवून.

आमच्याकडे अंगात वारं येतं, मी सांगू पाहिलं.
माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये त्याचं
'माझ्या पोटात हवा आहे' झालं.
तिनं बडीशेपेचा काढा करून दिला.
मी प्यायले.

किल्ल्यावर गोष्ट सांगतात :
सातशे वर्षांपूर्वीचा वेढा,
खाली शत्रूच्या हाती मुलगा,
वर तटावर बाप.
गाव दे, नाहीतर पोर मारतो.
बापानं कमरेचा खंजीर काढून खाली फेकला :
घ्या, तुमच्याकडे नसला तर.

बापाचं नाव रस्त्याला आहे, हॉटेलला आहे.
मुलाच्या आईचं?
आंगुस्तियास गच्चीवर चादर झटकत होती.
दातांत चिमटा धरूनच म्हणाली,
तिला कोण विचारतंय.
तिचे कपडे वाळत घालायचे राहिले असतील.

गच्चीवरून आफ्रिका दिसते.
चौदा किलोमीटर. डोंगराच्या घड्या मोजाव्यात इतकी जवळ;
संध्याकाळी तिकडे दिवे लागतात
तेव्हा कुणीतरी जेवायला हाक मारेल असं वाटतं.
मधल्या पाण्यावर दोन समुद्र एकमेकांना ढकलत असतात.

दोरीवर चादरी, उशांचे अभ्रे,
आणि एक निळा शर्ट.
पंधरा-सोळा वर्षांच्या मापाचा,
कॉलर आतून झिजलेली.
या घरात त्या मापाचं कुणी नाही.

मार्चमध्ये वाळूत मिळाला, ती म्हणाली.
शर्टच फक्त.
धुऊन ठेवते अधूनमधून.
मीठ राहिलं की कापड कुजतं.

एवढंच. मग ती बादली घेऊन खाली गेली.

वाऱ्यानं शर्ट भरला, पाठ फुगली,
दोन्ही बाह्या एकदम समुद्राकडे.
माझ्या भाषेत म्हणतात, वाऱ्यावर सोडलं.
याचा तर्जुमा मी करून पाहिला नाही.
नुसते चिमटे मोजले :
चादरींना दोन-दोन,
शर्टाला चार.

सहाव्या रात्री वारा थांबला
आणि त्या शांततेनं सगळं गाव जागं झालं.
कुत्री भुंकली. कुणीतरी खिडकी उघडून
काय झालं, काय झालं, असं विचारलं.

सकाळी निवडुंगात पाच टोप्या होत्या.
माझी नव्हती.

बस वळणावर आली तेव्हा
आंगुस्तियास गच्चीवर दिसली.
पान हलत नव्हतं कुठे,
आणि ती शर्टाचे चिमटे
एकेक दाबून पाहत होती.