अर्थ मिळत नाही

तुर्भ्याला पुलाखाली, संध्याकाळी सातला
हसुराम मढवी पिकअप थांबवतो
आणि अर्ध्या क्षणाने मागची ट्रॉली थांबते:
खट्ट.
तो अर्धा क्षण मी न बघता ओळखतो.
पिन झिजलीय, भोक लांबट झालंय,
ओढणारा आणि ओढली जाणारी
रोज थोडं थोडं खातायत एकमेकांना.

ट्रॉलीवर जनरेटर, साडेबासष्टचा.
गोठिवलीत आज हळद आहे.
रात्रभर हा अख्खी आळी उजळणार,
डीजेला पोसणार, आइस्क्रीम गोठलेलं ठेवणार,
आणि याच्या स्वतःच्या पाठीवर
एक लाल दिवा धड लागत नाही.

"सगले बल्ब बदलले," हसुराम म्हणतो,
"तरी नाय. खड्ड्यात गेली की लागतात,
निघाली की जातात."
ब्रेक दाब, मी म्हणतो.
दाबला, तर डावा इंडिकेटर मिणमिणला.
पार्किंग लाव.
लावली, तर ब्रेकचा दिवा कण्हल्यासारखा अर्धाच.
विचारावं एकाला आणि ओ द्यावी भलत्याने,
अशी घरं मी पाहिलीयत,
पण त्यांना टेस्टर लावता येत नाही.

अर्थ मिळत नाही, मी सांगतो.
इब्रान फिस्सकन हसतो.
तो नववीत आहे, कवितेच्या प्रश्नाखाली
बाईंनी हेच लिहिलं होतं, लाल पेनाने.

करंट जातो, पण त्याला परतही यायचं असतं.
वाट नसली की शेजारच्या दिव्याच्या घरातून
चपला न काढता निघतो.
इतकी वर्षं तो परतत होता हुकातून,
लोखंडाला लोखंड घासून.
मग हूक सैल झाला. वर ग्रीस, रंग, गंज.
वेगळी वायर कोणी टाकलीच नव्हती.
कशाला टाकेल?
जोडलेलं होतंच की.

मी चासीवरचा रंग खरवडतो, रुपयाएवढा,
पांढरं लोखंड दिसेपर्यंत.
काळी वायर, थिंबल, बोल्ट.
सॉकेटमधला हिरवा बुरा इब्रान जुन्या ब्रशने काढतो.
शेजारच्या लेथवर बुश होतोय.
घट्ट बसव, हसुराम म्हणतो.
फार घट्ट नाही, वळणावर तुटेल.

"आणि इतके दिवस? रात्रीचा कसा जायचास?"
"जोमा असायचा ना मागं, स्कूटरवर.
हँडलला टॉर्च बांधलेला, लाल पिशवीत."
आता?
"त्यानं सोताचा घेतला. नवीन हाय.
सायलेंट."
या शब्दानंतर हसुराम
लेथकडे बघत राहतो, बुश होईस्तोवर.

साडेचारशे, बुशचे वेगळे.
सहाशे देतो, उरलेले मागत नाही,
हळदीला या म्हणतो, दोघांनी.

पिकअप स्पीडब्रेकर चढते, मग ट्रॉली.
खट्ट नाही.
दिवे जागचे हलत नाहीत.
पुढे रस्ता मोकळाच आहे,
तरी हसुराम ब्रेक दाबतो. लाल.
पुन्हा एकदा. लाल.

मागे कोणी नाही,
मी, पाना, आणि इब्रान.
इब्रान हात वर करतो.