पान एकसष्ट

झाब्झेच्या ट्राम थांब्यावर, औषधांच्या दुकानाला चिकटून,
एक टपरी अजून तग धरून आहे.
तिकिटं, मेणबत्त्या, लायटर, शब्दकोडी,
आणि आज काचेला आतून टेकवलेला
‘तिसरा जीव’, अंक एकशे चौदावा.
आकडा त्यांनी जुनाच पुढे चालवलाय,
जणू मधली पंचवीस वर्षं
कुणी पॉझ दाबून चहा टाकायला गेलं होतं.

तेव्हा इथे गेर्त्रूदाबाई बसायच्या.
नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या पुठ्ठ्याच्या फायली, नाडीने बांधलेल्या.
अंक आला की आत सरकवायच्या,
नाहीतर दुपारपर्यंत उडायचा.
आमच्या फायलीवर नाव: वितोल्द लिपोव्स्की.
निम्मे पैसे माझे.
आणायला जाणारी मी.
फाइल त्याची.

कॉम्प्युटर आमच्या जिन्यात कुणाकडेच नव्हता.
समोरच्या दातांच्या डॉक्टरांकडे होता म्हणे,
खोळ घातलेला, पाहुण्यांना दाखवायला.
म्हणून आम्ही गेम वाचायचो.
साखर बंद झालेला माणूस
पाककृतींचं पुस्तक वाचतो तसे.
आठपैकी सात तारे,
पोस्टाच्या तिकिटाएवढे चार फोटो,
आणि त्या चार फोटोंच्या मधला सगळा अंधार
आमच्या मालकीचा.

बाबा खाणीतून यायचे,
कितीही घासलं तरी पापण्यांत कोळशाची रेघ, काजळासारखी.
बूट काढता काढता विचारायचे,
आज कुठवर उतरलात?
सातव्या तळघरात, मी सांगायचे.
ते म्हणायचे,
वर यायचा रस्ता आधी बघून ठेवा.

म्हणून मी नकाशा काढला.
त्यांनीच आणून दिलेल्या आलेखाच्या कागदावर,
सातवं तळघर, पिंपं, सापळे, चावी,
आणि उत्तरेच्या भिंतीत एक दार, वर जाणारं,
जे चारपैकी एकाही फोटोत नव्हतं.
खाली नाव घातलं वितोल्दचं.
मुलीचा नकाशा कोण छापणार.
पाकीट टाकलं, आणि पुढच्या महिन्यात
मासिकच बंद पडलं.
गेर्त्रूदाबाईंनी वसंत उलटेपर्यंत
रिकामी फाइल बांधून ठेवली होती.

आज थांब्याच्या बाकावर, पान एकसष्ट.
संपादक लिहितात, माळ्यावर एक खोकं सापडलं,
न फोडलेल्या पत्रांचं.
माझ्या खोडरबराचा डागसुद्धा छापलाय,
अर्ध्या पानावर, रंगीत.
खाली बारीक अक्षरांत:
‘वितोल्द, आम्ही तिघं तीन रात्री हे दार शोधत होतो.
उत्तरेच्या भिंतीचा दगडन्‌दगड ठोकला.
दार नाही.
तुला कसं सापडलं ते कळव.’

मी दोन ट्राम सोडल्या.
मग फोन लावला, बर्गनला, गोदीत,
मागे ग्राइंडर किंचाळतोय.
मी काढलेला? आठवत नाही गं, म्हणाला.
तू काढलाच नव्हतास, म्हटलं.
थोडा वेळ नुसता ग्राइंडर.
मग तो बाजूला गेला असावा, आवाज जवळ आला.
मी खेळलोय तो नंतर, म्हणाला, इथे आल्यावर.
सातव्या तळघरातून वर यायला रस्ताच नाही, आगाता.
मरायचं, आणि पहिल्यापासून सुरू करायचं.
माहितेय, म्हटलं.
मला माहीत नव्हतं.

टपरीतल्या मुलाच्या नाकात बाली.
पुढचे अंक ठेवू का बाजूला? त्याने विचारलं.
आधीच्या बाई ठेवायच्या म्हणे.
खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याने मार्कर उघडला.
नाव?
सांगितलं.
लिहिता लिहिता थांबला, गाडीच्या आवाजात
नीट ऐकू गेलं नसावं.
शेवटी काय, स्की?
स्का, म्हटलं.