अजून वैध नाही

उद्यमबागेत रात्रीचे साडेदहा.
दोन नंबरची भट्टी तापलीय,
हुबळीच्या सर्व्हरला पत्ता नाही.
माझा सी-प्रोग्रॅम तिकडचं दार वाजवतो,
पलीकडून कोणी ओळखपत्र पुढं करतं,
आणि माझाच प्रोग्रॅम ते बघून हात मागे घेतो.

उणे एक.
खाली माझंच वाक्य, चार वर्षांपूर्वी घाईत लिहिलेलं:
'कनेक्शन झालं नाही.'
का झालं नाही, हे विचारायची सोय
तेव्हाच्या मी आत्ताच्या मला ठेवली नव्हती.

तवनाप्पा पॅनेलला टेकून. 'याक्री, इन्नू आगिल्ला?'
मग माझ्यासाठी, 'होईना काय ओ मॅडम अजून?'
त्याला केबलचा संशय. मला नावाचा.
पाटी बदलली की जुन्या पाटीवर आलेला माणूस
बाहेरच उभा राहतो, हे इथं शिकवावं लागत नाही.
सर्टिफिकेट उघडलं. नाव बरोबर होतं,
काना-वेलांटीसकट.

'तपासणीच बंद करा की ओ. एका रात्रीपुरती.'
एका ओळीचं काम. अर्धी ओळ टाइपही केली.
समोर लिमिट स्विच, तारेनं बांधलेला,
तोही एका रात्रीपुरताच, सहा वर्षांपूर्वी.
ओळ खोडली.

त्याऐवजी दोन ओळी: काय झालं ते सांग.
सांगितलं. कोड नऊ.
सर्टिफिकेट अजून वैध नाही.

अजून?
गेल्या मार्चमध्ये निघालंय ते!
बोर्डाला तारीख विचारली.
एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर.

दुपारी लाइट गेली तेव्हा
नाण्याएवढी बॅटरीही गेली असणार.
जागा झाला तेव्हा त्याच्या लेखी
जग नुकतंच सुरू झालं होतं.
त्या तारखेला ही भट्टी नव्हती, तवनाप्पा नव्हता, मी नव्हते,
आणि कुणी परका येऊन
पुढल्या शतकातली सही दाखवत होता.
मीही दार लावलं असतं.

तवनाप्पानं ऑफिसच्या वजनकाट्यातली बॅटरी काढून आणली.
'टाइम सांगा,' मी म्हटलं.
त्यानं मनगट उजेडात धरलं.
एवढ्या सह्या, एवढ्या किल्ल्या,
एकानं दुसऱ्याची हमी द्यायची, दुसऱ्यानं तिसऱ्याची,
आणि सगळ्यांच्या तळाशी
काच तडकलेलं एक एचएमटी.

पहिली नोंद हुबळीला पोचली:
भट्टी दोन, चौदाशे बारा अंश, अकरा वीस.

वाजले होते सव्वाअकरा.
भोंगा चुकू नये म्हणून तो
घड्याळ पाच मिनिटं पुढं ठेवतो.