घरघर

डिसेंबरात एका रात्री, जेवणं झाल्यावर,
ज्योत्स्नानं फ्रिजचं बटण बंद केलं.
"निफाडला सहा अंश आहे म्हणे," ती म्हणाली,
"बाहेर फुकटचं गार पडलंय,
आत विकतचं कशाला?"
दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवून
खिडकीत मांडलं,
वर जाळी, जाळीवर वरवंटा.
सिडकोतली सगळी मांजरं
आमच्याच गल्लीत जेवायला असतात.

मी काही बोललो नाही.
बारा वर्षं ती घरघर होती घरात,
ऐकू येऊ नये इतकी सवयीची.
ती थांबली
आणि दोन खोल्यांचं घर एकदम मोठं झालं,
परीक्षेच्या हॉलसारखं.
कोठावदे काकूंचा खोकला भिंतीतून आला.
नळाचा थेंब.
हर्षालीनं पान उलटलं ते.
आणि माझं जागं असणं,
तेही ऐकू जात असावं.

"ओव्हरटाइम चालू आहे ना अजून?"
अंधारात तिनं विचारलं.
"आहे की."
"मग दिवाळीपासून साबण कमी कसा लागतोय?
एक वडी तीन आठवडे पुरली.
तुमच्या शर्टांना ऑइलचा वास नाही,
आल्याच्या चहाचा येतो."

काय सांगणार?
की कंपनीलाच घरघर लागलीय,
साडेपाचला सुटतो,
आणि साडेनऊपर्यंत गरवारे पॉइंटच्या टपरीवर
दोन कटिंग घेऊन बसतो, वीस रुपयांचे,
दमलेला चेहरा जमेपर्यंत.
एवढं सगळं नाही सांगितलं.
"टपरीवर असतो," म्हणालो.
तिनं मनात गुणाकार केला.
तोही मला ऐकू आला.
"महिन्याचे पाचशे. तीन लिटर तेल येतं त्यात.
उद्यापासून घरी येऊन खोटं बोला,
चहा मी करते."
आणि हसली. फार नाही.

मग फ्रिज कपाट झाला.
अंड्यांच्या खाचांत पेनं, खोडरबर, सेफ्टी पिना,
भाजीच्या कप्प्यात दहावीची गाइडं.
एकदा निकिता आली, गार पाणी मागत
तिनंच दार उघडलं,
आतून भूमिती निघाली.
हर्षाली दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.
मी तिला काटकसरीवर काही सांगणार होतो,
पण माझ्याकडे सांगण्यासारखं काय होतं?
मी स्वतः दोन महिने
चारचौघांत दमल्याचं नाटक करत होतो.

फेब्रुवारीत पवननगरच्या बाजारात
रात्री नऊनंतर
द्राक्षांचे सुट्टे मणी मिळतात, घडातून गळलेले,
निम्म्या भावात, ढिगानं.
पूर्वी आम्ही त्या हातगाडीपाशी
चाल जरा वाढवायचो.
आता ज्योत्स्ना ओंजळ घालून निवडते,
आणि गाडीवाला म्हणतो, ताई, निवडायचे नाहीत,
आणि ती निवडते.
दहातला एक आंबट निघतोच.
तो ती न बघता माझ्या हातावर ठेवते.

बिल तीनशे चाळीसनं कमी आलं.
ते कागदाचं चिटोरं तिनं
कुणाचं प्रमाणपत्र असावं तसं
देव्हाऱ्याच्या बाजूला खोचलं.

एप्रिलात मात्र दूध नासलं.
एकदा नासलं, कलाकंद केला.
दुसऱ्यांदा नासलं, केला.
तिसऱ्यांदा हर्षाली म्हणाली,
"आई, या काटकसरीत साखर फार लागते."
ज्योत्स्नानं पेन्सिल घेतली,
कॅलेंडरच्या मागं आकडे मांडले,
खोडले, पुन्हा मांडले.
"बंद ठेवणंच महाग पडतंय," ती म्हणाली,
हरल्यासारखी नाही,
बेरीज वाचून दाखवावी तशी.

गाइडं काढली. मी बटण दाबलं.
आधी एक हिसका, मग तो जुना आवाज,
घोगरा, बारा वर्षांचा,
भिंतीला टेकून पुन्हा सुरू झाला.
काकूंचा खोकला गेला. नळाचा थेंब गेला.

आम्ही आता
जरा मोठ्यानं बोलतो.